औषधालाही न सापडणारं व्यसन

मराठीत एखादी गोष्ट अजिबातच नसली की आपण म्हणतो, ती औषधालाही सापडत नाही. गेले काही महिने मी व्यसनाविषयी मराठीत जे हाताशी येईल ते वाचतोय, आणि फोनवर दिसतील त्या मालिकाही बघतोय. दारू ढिगाने सापडली. गर्द सापडली, गांजा-चरस सापडला. (खर्रा साहित्यात कमी सापडला, पण आमच्या भंडारा जिल्ह्यात त्याची भरपाई प्रत्येक पानठेल्यावर होते.) सापडलं नाही ते औषधाचं व्यसन. म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेली, मेडिकलमधून रोख पैसे देऊन आणलेली, उशाशी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेली ती गोळी, जी दहा वर्षांनंतरही सुटत नाही.

हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. व्यसनाची गोष्ट सांगायचा आपल्याकडे एक साचा आहे. गोळी त्या साच्यात बसत नाही, म्हणून ती आपल्याला दिसतच नाही. कागदावर दिसत नाही आणि घरातही दिसत नाही. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या भागाबद्दल.

साचा पक्का झाला १९१९ साली. राम गणेश गडकरी त्या वर्षी २३ जानेवारीला सावनेरला गेले. सावनेर म्हणजे नागपूर जिल्हा, आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. पुढचं सगळं तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून किंवा आजोबांच्या तोंडून माहीत असेल: हुशार वकील सुधाकर, त्याची सोशिक बायको सिंधू, आणि त्याला पहिला प्याला देणारा तळीराम. तळीराम तर इतका मुरला की आजही वर्तमानपत्रात ३१ डिसेंबरच्या रात्री पोलीस ‘तळीरामांना’ पकडतात. शंभर वर्षांनंतर खलनायकाचं नाव सामान्यनाम व्हावं, असं भाग्य फार थोड्या नाटककारांना मिळालंय.

हे नाटक परत वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. सुधाकर मजेसाठी पीत नाही. कोर्टात त्याचा अपमान होतो, काही काळासाठी सनद जाते, डोक्यात तेच घोळत राहतं. अशा वेळी तळीराम प्याला पुढे करतो तो विसरण्यासाठी, जीव शांत होण्यासाठी. म्हणजे मराठीतला हा सगळ्यात प्रसिद्ध प्याला औषध म्हणूनच आलेला आहे. आज सुधाकर भंडाऱ्याच्या एखाद्या दवाखान्यात गेला असता, झोप लागत नाही, छातीत धडधड होते, कामात मन नाही असं म्हणाला असता, तर त्याला बहुधा पाव मिलिग्रॅमची एक गोळी मिळाली असती. आणि ती देणाऱ्याला कुणी तळीराम म्हटलं नसतं.

गडकऱ्यांचा हा धागा पुढे कुणी उचलला नाही. उचलला तो बाकीचा भाग: घसरण, मारहाण, उपाशी पोर, सती-सावित्री बायको, शेवटी विषाचा प्याला. व्यसनी माणूस म्हणजे आधी चांगला असलेला, मग मोहाला बळी पडलेला, मग घर जाळणारा माणूस. आणि तो पुरुष असतोच.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीने हा साचा जिवापाड जपलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडया भरू लागतात, शंकरपट होतात, आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या नाटकांचं मुख्य ठाणं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं, शेतात उभारलेल्या मंडपात, शाली-चादरी गुंडाळून बसलेल्या माणसांसमोर. मी लहानपणापासून ही नाटकं बघतोय आणि मला ती मनापासून आवडतात. पुण्या-मुंबईचे लोक त्यांना भडक म्हणतात. म्हणू देत. पहाटे चार वाजता हजार माणसं जागी ठेवून दाखवा, मग बोलू.

पण या नाटकांत दारुडा नवरा हे पात्र किती वेळा येतं याचा हिशोब नाही. तो आला की लोकांना पुढचं ठाऊक असतं. तो झिंगतो, लोक हसतात; तो बायकोवर हात टाकतो, लोक गप्प होतात. बायका डोळ्याला पदर लावतात. हे खोटं नाही, या पट्ट्यात दारूने खरंच घरं खाल्ली आहेत. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती उगाच नाही. पण त्याच मंडपात तिसऱ्या रांगेत बसलेली एखादी बाई घरी जाऊन पदराच्या गाठीतली गोळी काढून घेणार असते, त्याशिवाय तिला झोप लागत नसते, आणि रंगमंचावर जे चाललंय त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं तिच्या मनातही येत नाही. का यावं? ती झिंगत नाही. ती कुणाला मारत नाही. ती तर डॉक्टरांचं ऐकते.

अनिल अवचटांचं ‘गर्द’ मी यंदा दुसऱ्यांदा वाचलं. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगर पसरत होती तेव्हाचं हे लिखाण. अवचट शिक्षणाने डॉक्टर, पण प्रॅक्टिस सोडून लिहायला लागलेले. त्यांचं बळ एका साध्या गोष्टीत आहे: ते विचारतात आणि ऐकतात. हे कसं ओढतात, केवढ्याला मिळतं, सकाळी नाही मिळालं तर शरीराला काय होतं, पैसे कुठून आणतोस. उपदेश जवळपास नाहीच. या लिखाणातून आणि डॉ. सुनंदा अवचटांच्या कामातून, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. एखाद्या मराठी पुस्तकाच्या पाठोपाठ एक इमारत उभी राहिली, अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी.

‘गर्द’ आणि त्यानंतरच्या लिखाणाने साचा एका जागी मोडला. व्यसनी माणूस पापी नाही, आजारी आहे, हे मराठी वाचकाच्या गळी उतरवलं. पुढे तुषार नातू यांनी ‘नशायात्रा’मध्ये तीच गोष्ट आतून सांगितली. ते आत्मकथन आधी इंटरनेटवर भागाभागाने आलं, आणि ते वाचताना ‘आता हा सुटला’ असं वाटेवाटेपर्यंत माणूस परत पडतो. हे परत परत पडणं कंटाळा येईस्तोवर लिहायला धाडस लागतं. गोष्टीला शेवट हवा असतो, आणि हा आजार शेवट देत नाही.

या लिखाणाने आपल्याला शब्दही दिले. ‘टर्की’ हा त्यातला एक. नशा तुटली की अंग दुखतं, नाक वाहतं, पोटात कळा येतात, झोप उडते, त्या अवस्थेला व्यसनी मुलं टर्की म्हणतात. शब्द मिळाला की निम्मं काम होतं. आईला सांगता येतं, मला टर्की लागलीय. आईला निदान कळतं की हे ढोंग नाही.

गोळीच्या टर्कीला मराठीत शब्द नाही. आमच्याकडे त्याला ‘बीपी वाढलं’ म्हणतात. ‘गॅस झाला’ म्हणतात. ‘बाहेरचं काही असेल’ असंही म्हणतात.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. माझी आत्या लाखनी तालुक्यात राहते. काकाजी गेले त्यानंतर तिला झोप लागेना. एका डॉक्टरांनी अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. पावाची अर्धी, अर्ध्याची एक मिलिग्रॅम कधी झाली हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. मूळ चिठ्ठी घडीवर फाटली तेव्हा आतेभावाने तिला प्लास्टिकचं आवरण करून आणलं. नंतर चिठ्ठीचीही गरज उरली नाही. मेडिकलवाला ओळखीचा, आत्याला काकू म्हणणारा. पोराच्या हाती निरोप गेला की पत्ता घरी. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट सगळे तिची काळजीच घेत होते.

दोन वर्षांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला एका दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. कुठली औषधं चालू आहेत असं विचारलं तेव्हा घरच्यांनी बीपीची सांगितली, शुगरची सांगितली. झोपेची सांगितली नाही. लपवायची म्हणून नव्हे, ते त्यांना औषध वाटतच नव्हतं. ती रात्रीची गोळी होती, जशी रात्री दुधाची वाटी. तिसऱ्या दिवशी आत्याचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम, रात्रभर डोळा नाही, आणि पहाटे ती काकाजींशी बोलू लागली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आतेभावाला बाजूला घेऊन विचारलं, “आई दारू घेतात का?”

आतेभाऊ भडकला. वहिनी रडायला लागली. आमच्या घरात आजतागायत त्या प्रश्नाचा राग आहे. मला मात्र तो प्रश्न ‘एकच प्याला’इतकाच महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांनी लक्षणं बरोबर वाचली होती. दारू अचानक तुटली तर शरीर असंच वागतं, कारण दारू आणि ही गोळी मेंदूत साधारण एकाच दारावर थाप मारतात. पण त्यांच्याजवळ आणि आमच्याजवळ गोष्ट एकच होती, दारूची. दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने वेगळा प्रश्न विचारला: “आत्याबाई घरी झोपायला काही घेतात का?” आत्या लगेच म्हणाली, “हो, माझी गोळी.” तिच्या पर्समध्येच होती. ती मुलगी नसती तर फिट येण्यापर्यंत गेलं असतं, असं नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं.

आत्याला व्यसन होतं का? इथे मराठी आपल्याला अडचणीत आणते. ‘व्यसन’ हा जुना, जड शब्द आहे. त्याचा मूळ अर्थच संकट आणि दुर्गुण यांच्या आसपासचा. सप्तव्यसनांच्या यादीत जुगार आणि मद्य शेजारी शेजारी बसतात. आत्यासारख्या बाईला तो शब्द लावला तर घर पेटेल. न लावला तर आजार दिसणार नाही. डॉक्टर इथे दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक, शरीराला सवय होणं: रोज घेतलेल्या गोळीभोवती शरीर आपला तोल बसवतं, मग गोळी काढली की तोल जातो. हे कुणालाही होऊ शकतं, त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही. दुसरी, नुकसान होतंय हे दिसत असूनही त्या पदार्थामागे धावत राहणं, ताबा सुटणं, जगणं त्याच्याभोवती फिरणं. पहिलीतून दुसरी होऊ शकते, पण होतेच असं नाही. आत्याची पहिली. आपल्या भाषेत दोघींना मिळून एकच शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरला जातो.

याचं टोक बघायचं तर वर्तमानपत्रं वाचा. तीच अल्प्राझोलम मालेगावात पोराच्या खिशात सापडली की तिचं नाव होतं ‘कुत्ता गोळी’. बातमीत ‘नशेच्या गोळ्यांचा साठा जप्त’, टेबलावर मांडलेले पत्ते, मागे उभे पोलीस, चेहरे झाकलेली पोरं. आत्याच्या उशाशी असली की ‘झोपेची गोळी’. रसायन एक, कायदा एक (दोन्हीकडे तो १९८५चा अमली पदार्थांचा कायदाच), शरीरातलं काम एक. फक्त पात्रं बदलली. मालेगावच्या त्या पोराला आजारी म्हणायला आपण तयार नाही आणि आत्याला आजारी म्हणायला घर तयार नाही. कुत्ता गोळीवरच्या बातम्या मी बऱ्याच वाचल्या. त्या पोराला पहिली गोळी कुणी आणि कशासाठी दिली, हा अवचटांचा प्रश्न त्यांच्यात क्वचितच येतो.

गोळी काम कसं करते हे थोडक्यात सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही मंडळी त्या ब्रेकवर जास्तीचा पाय ठेवतात. धडधड थांबते, झोप लागते. पहिल्या काही रात्री हे खरोखर वरदान असतं आणि ज्याला वेड्यासारखी धडधड झालीय त्याला ते नाकारणं क्रूरपणा होईल. पण ब्रेकवर रोज बाहेरचा पाय पडतोय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा पाय हळूहळू काढून घेतो. म्हणून या गोळ्या साधारण दोन ते चार आठवड्यांपलीकडे नेऊ नयेत असं सांगितलं जातं. नंतर एखाद्या रात्री गोळी चुकली तर ब्रेकच नाही. झोप उडते, आधीपेक्षा जास्त उडते. आणि सकाळी माणूस म्हणतो, “बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही.” गोळीने निर्माण केलेला त्रास गोळीच्या गरजेचा पुरावा म्हणून वाचला जातो. इतका पक्का, स्वतःलाच सिद्ध करणारा मजकूर मी कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही.

वेदनेच्या गोळ्यांचं थोडं वेगळं आहे. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत बाया सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून असतात, आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात. मग गोळी, नाहीतर सुई. त्यातल्या बऱ्याच, म्हणजे पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकसारख्या, सवय लावणाऱ्या नसतात. त्यातल्या डायक्लोफेनॅकसारख्या मूत्रपिंडाचं आणि पोटाचं नुकसान करू शकतात, तो वेगळा विषय. पण ट्रॅमाडॉल वेगळं. ते अफूच्या नात्यातलं, म्हणजे गर्दचं दूरचं भावंड. २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. कोडीन घातलेलं खोकल्याचं औषधही याच घराण्यातलं. डब्यावर ‘वेदनाशामक’ लिहिलंय म्हणून सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात, हे घरात एकाला तरी ठाऊक असलं पाहिजे. हल्ली तो एकजण बहुधा तुम्ही असता, कारण गोळीचं नाव फोनवर शोधता येणारे घरात तुम्हीच.

फोनचा विषय निघालाच आहे तर तुमच्यातल्या अनेकांनी ‘डोपसिक’ (२०२१) किंवा ‘पेनकिलर’ (२०२३) पाहिली असेल. दोन्ही अमेरिकेतल्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीविषयी, जी पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ साली बाजारात आणली. ‘पेनकिलर’ची प्रत्येक सुरुवात मला अजून आठवते: एक खरी आई किंवा बाप कॅमेऱ्यासमोर बसून वाचून दाखवतात की या मालिकेत काही गोष्टी काल्पनिक आहेत, आणि मग कागद खाली ठेवून सांगतात की माझ्या लेकराचं मरण काल्पनिक नाही. त्यानंतर मात्र मालिका गाण्या-बजावण्याच्या नादी लागते. चकचकीत गाड्या, सुंदर विक्री-प्रतिनिधी, स्वप्नात येणारे म्हातारे. तो सगळा मसाला मला उसना वाटला.

‘डोपसिक’ जास्त चांगली, कारण ती बेथ मेसीच्या २०१८ च्या पुस्तकावर आधारलेली आहे आणि तिला गाव कळतं. व्हर्जिनियातलं कोळसा खाणीचं गाव, पाठ दुखावलेली बेट्सी नावाची खाणकामगार पोरगी, आणि तिला जीव लावणारा गावचा डॉक्टर, जो प्रामाणिकपणे गोळी लिहून देतो आणि पुढे स्वतःही अडकतो. बेट्सीला बघताना मला तुमसरकडच्या चिखल्याच्या मँगनीज खाणी आठवत राहिल्या. खाण ती खाण. पाठ तीच जाते. मायकेल कीटनने केलेला तो डॉक्टर ही या मालिकेची मोठी कमाई आहे. तळीराम नाही, राक्षस नाही. चुकीच्या माहितीवर विश्वास ठेवलेला भला माणूस.

आणि ती चुकीची माहिती कुठून आली? हा भाग समीक्षकांनी पाठ करून ठेवावा असा आहे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यात पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांतच व्यसन जडल्याचं नोंदलेलं आढळलं, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्महिने गोळी घेणाऱ्यांविषयी एक अक्षर नाही. पण पुढे हेच पत्र ‘या औषधांनी एक टक्क्याहून कमी लोकांना व्यसन लागतं’ म्हणून मिरवलं गेलं. २०१७ साली मोजणी झाली तेव्हा ते ६०८ वेळा उद्धृत झालेलं निघालं. संदर्भ कापून वाचलेल्या पाच वाक्यांनी एवढी माणसं मारल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. २००७ साली आणि परत २०२० साली पर्ड्यूने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

तरीही भंडाऱ्यात बसून या मालिका बघण्यात एक धोका आहे. त्या बघून वाटतं की हे सगळं एका लबाड कंपनीचं, एका श्रीमंत कुटुंबाचं काम. ‘उडता पंजाब’ची सुरुवात आठवा: सीमेपलीकडून रात्री पाकीट भिरकावलं जातं. व्यसन नेहमी बाहेरून येतं, कुणीतरी फेकतं म्हणून येतं. आमच्याकडे कुणी फेकत नाही. आमच्याकडे डॉक्टरला एका दिवसात ऐंशी पेशंट बघायचे असतात, आणि झोप का येत नाही हे विचारायला जी वीस मिनिटं लागतात ती त्याच्याजवळ नसतात. गोळी लिहायला वीस सेकंद लागतात. आत्याला झोप येत नव्हती कारण नवरा गेला होता आणि जमिनीच्या हिश्शावरून दीर बोलत नव्हते. ते तिला कुणी विचारलं नाही. पाव मिलिग्रॅम हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. यात खलनायक शोधायला गेलात तर हाती कुणी लागत नाही, म्हणून तर यावर नाटक होत नाही.

कायदा नाही असं नव्हे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल, झोलपिडेम त्यात येतात. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघायची, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध, नग हे सगळं वेगळ्या नोंदवहीत लिहायचं, आणि वही तीन वर्षं ठेवायची. पत्त्यावर लाल चौकटीत इशाराही असतो. एकदा तो पत्ता हातात घेऊन बघा. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही मराठी पुस्तकापेक्षा जास्त प्रतींत छापलेला हा मजकूर आहे, आणि तो इंग्रजीत आहे, मुंगीच्या अक्षरात, चंदेरी कागदावर. गोळी काढताना सगळ्यात आधी जो भाग फाटतो त्यावर.

आकडेही अपुरे पडतात. २०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं देशभराचं सर्वेक्षण आलं. त्यात १० ते ७५ वयातले १.०८ टक्के, म्हणजे साधारण १ कोटी १८ लाख लोक गुंगीच्या औषधांचा वैद्यकीय कारणाशिवाय वापर करणारे निघाले, आणि संख्येने जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. ‘वैद्यकीय कारणाशिवाय’ हे शब्द नीट वाचा. आत्याजवळ प्लास्टिकच्या आवरणातली चिठ्ठी होती. ती नाटकात नाही, बातमीत नाही, आणि बहुधा या एक कोटी अठरा लाखांतही नाही.

मग या विषयावर मी वाचलेलं चांगलं लिखाण कुठलं? माझं उत्तर थोडं विचित्र वाटेल. हेदर ॲश्टन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टर होत्या, न्यूकॅसलच्या. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी फक्त या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यातून त्यांनी एक पुस्तिका लिहिली, जी इंटरनेटवर फुकट वाचता येते. तिच्यात नायक नाही, घसरण नाही, रडारड नाही. तिच्या मध्यावर तक्ते आहेत. सकाळी किती, रात्री किती, या आठवड्यात किती, पुढच्या पंधरवड्यात किती. जलद उतरणाऱ्या गोळीऐवजी हळू उतरणारी डायझेपाम टप्प्याटप्प्याने आणायची, आणि मग तीही थेंबाथेंबाने कमी करायची. महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. एका फटक्यात बंद करू नका, फिट येऊ शकते, हे ती परत परत सांगते. ‘मनाचा निग्रह’ हा आपला लाडका शब्द तिथे फारसा कामाचा नाही. उलट निग्रहाने एका रात्रीत गोळी फेकून देणारा माणूस तिच्या दृष्टीने धोक्यात असतो. शंभर वर्षं आपण व्यसनाच्या गोष्टीत शपथा घेतोय, देवाच्या, पोराच्या, बायकोच्या गळ्याच्या. ॲश्टनबाई शपथ मागत नाहीत. त्या कॅलेंडर मागतात.

आणि एक गोष्ट त्या वारंवार करतात जी आपल्या लिखाणात कमी दिसते: वेग रुग्णाने ठरवायचा असं म्हणतात. डॉक्टर सोबत हवाच. हे तक्ते बघून घरच्या घरी प्रयोग करू नका, कारण वय, बाकीची औषधं, दारू या सगळ्यांनी हिशोब बदलतो. त्यासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत जाता येतं. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करून मराठीत बोलता येतं, आणि व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. ओपीडीच्या दारावर ‘मानसोपचार’ लिहिलेलं असतं म्हणून आमच्याकडच्या बाया आत जात नाहीत, हे खरं. आत्याही पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर तोंडावर पदर घेऊन बसली होती. शेजारी मोहाडीकडची एक बाई तशीच बसलेली. दोघी तासभर धानाच्या बोनसबद्दल बोलल्या.

आतेभावाने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तक्ता उतरवून घेतलाय. प्रत्येक तारखेच्या चौकटीत, एकादशी-संकष्टीच्या शेजारी, बारीक अक्षरात मिलिग्रॅम. वीसपासून सुरुवात झाली होती, सध्या पाचवर आहे. यंदा रोवण्याच्या महिन्यात एक वाईट पंधरवडा आला, ती रात्र रात्र अंगणात फेऱ्या मारायची आणि सून तिच्याबरोबर. तेव्हा आकडा वर नेला नाही, तीन आठवडे तिथेच थांबवला. तक्त्यात तशी मुभा आहे.